कप ठेवायला जागा

पक्केरावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की होडीत चहाचा कप ठेवायला एक जागा करायची. बस्स. एक कडी, दोन स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. जगातली निम्मी संकटं 'अर्ध्या तासाचं काम' या तीन शब्दांनी सुरू होतात आणि उरलेली निम्मी 'त्यात काय आहे' या तीन शब्दांनी. (पक्केरावांनी दोन्ही वाक्यं एका दमात उच्चारली होती.)

पक्केराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कचेरीत कागदपत्रांची पाकिटं सीलबंद करण्याच्या कामावर होते. आधी दोरा, मग गाठ, मग लाख, लाखेवर ठसा, ठशाखाली सही आणि सहीखाली तारीख. त्यांनी बंद केलेलं पाकीट उघडायला लोक कात्री नेत, मग सुरी नेत आणि शेवटी त्यांनाच बोलावून नेत. कचेरीने कौतुकाने (असं त्यांचं मत) त्यांना पक्केराव म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव घरापर्यंत पोचलं. घरीही तसंच. त्यांनी झाकण लावलेली बरणी पुन्हा उघडायची म्हणजे बायको शेजारच्या मास्तरांना हाक मारायची.

होडी सासऱ्यांची. बारा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, दोन आडव्या फळ्या आणि बाकी सगळी हवा. सासरे घड्याळजी होते. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट बघताना डावा डोळा मिटायची सवय जडली होती. जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांनी तो मिटला होता. आणि मग म्हणाले होते, "हं."

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण 'हं'च्या पुढे गाडी गेली नव्हती. पक्केरावांना बढती मिळाली, "हं." पक्केरावांनी घर रंगवलं, "हं." आता मला सांगा, माणसाने माणसाला एक बरा शब्द बोलायला असं काय जातं? पण नाही. आणि त्यात गेल्या वर्षी सासऱ्यांनी जावयाला प्रथमच मासे धरायला होडीतून नेलं, तेव्हा गळाला पहिला मासा लागताच पक्केराव आनंदाने उभे राहिले. होडी कलली आणि फळीवर ठेवलेला गरम चहाचा कप सासऱ्यांच्या मांडीवर आला. त्या दिवशी तर 'हं'सुद्धा आलं नाही.

म्हणूनच, या वर्षी "गुडघे साथ देत नाहीत, होडी आता तुम्हीच ठेवा, जावईबापू. पुढच्या रविवारी येतो, आपण एक चक्कर मारू," असा निरोप घेऊन होडी दारात आली, तेव्हा पक्केरावांचा ऊर भरून आला. रविवारी सासरे होडीत बसतील, हात पुढे करतील, तिथे कपासाठी कडी असेल. आणि मग तो शब्द येईल. 'छान.' किंवा निदान 'बरं केलंत.'

"कप ठेवायचाय ना? मग मी टेप आणतो," असं म्हणत मास्तर कुंपणावरून डोकावले. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना मोकळी जागा दिसली की ती भरावीशी वाटे. त्यांनी फळी मोजली. "कडीला रुंदी पुरत नाही. फळी रुंद करा."

फळी रुंद केली तर ती खाली वाकू लागली. खाली आधार दिले तर आधार पायात यायला लागले. "मग सरळ सपाट तक्तपोशीच टाका की पुढपासून मागपर्यंत, जमिनीसारखी!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे चित्र काढलं. चित्रात फिरती खुर्ची होती, गळाच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या होत्या, मासे जिवंत ठेवायची पेटी होती आणि हिरवा गालिचा होता. कोपऱ्यात उगवता सूर्यही होता.

पक्केराव चित्राकडे बघतच राहिले.

पुढचे पाच दिवस कचेरीतून आले की ते अंगणात. प्लायवूड आलं, कापलं, पुन्हा मोजलं, पुन्हा आणलं. बायको दवाखान्यात परिचारिका होती. ती ड्यूटीवरून आली की आधी नवऱ्याची बोटं मोजायची.

"अहो, कपाचं काय झालं?" तिने बुधवारी विचारलं.

"ते शेवटी. किरकोळ काम आहे."

"मुळात तेच काम होतं ना?"

"तुला यातलं कळत नाही. आधी मोठी कामं उरकायची असतात."

त्याच बुधवारी पक्केरावांना तो शोध लागला. होडीच्या मागच्या पत्र्यात, अगदी तळाला, करंगळी जाईल एवढं गोल भोक होतं. आरपार! पक्केराव गुडघ्यांवर बसले, भोकातून पलीकडचं कुंपण दिसलं, कुंपणापलीकडे मास्तर दिसले.

"मास्तर, भोक!"

"अरे बापरे," मास्तर पलीकडून म्हणाले. "आणि म्हाताऱ्याने हीच होडी चालवली इतकी वर्षं?"

"तीस वर्षं!" पक्केरावांच्या आवाजात करुणा होती आणि करुणेच्या खाली, खोटं कशाला सांगू, थोडी उकळीही फुटत होती. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग दिसणाऱ्या माणसाला करंगळीएवढं भोक दिसलं नाही! आणि दिसलं कुणाला?

त्यांनी ते भोक असं बंद केलं, की त्यांच्या आजवरच्या कारकिर्दीत दुसरं काही तसं बंद झालं नव्हतं. आधी आतून चिकट लगदा भरला. तो सुकल्यावर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची चकती, चकतीला चार रिव्हेट, रिव्हेटांवर पुन्हा लगदा. वरून तक्तपोशी ठोकली आणि गालिचा चिकटवला. आत उतरायला एक झाकण ठेवलं होतं, तेही इतकं घट्ट बसवलं की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सासऱ्यांचा फोन आला.

"भोक पाहिलंत ना मागचं?"

"पाहिलं, बाबा! त्याची तुम्ही आता काळजीच करू नका."

"हं. मी येताना घेऊन येतो."

"छे छे, काही आणू नका. तुम्ही येताय तेच खूप झालं."

पलीकडून "हं." आणि फोन बंद.

"काय म्हणाले बाबा?" बायकोने विचारलं.

"काहीतरी खाऊ घेऊन येताहेत. मी नको म्हटलं."

"बाबा? खाऊ?" बायको म्हणाली. "माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला पाना दिला होता."

शनिवारी दुपारी सगळं तयार झालं. फक्त एक शंका उरली, होडी गळत तर नाही? उपाय मास्तरांनी सुचवला. "होडी पाण्यात कशाला न्यायची? पाणीच होडीत आणा. आतलं बाहेर येत नाही म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही."

बागेच्या नळीने तीन तास पाणी सोडलं. होडी काठोकाठ भरली आणि एक थेंब, अक्षरशः एक थेंबही गळला नाही. पक्केरावांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. चाचणी चोवीस तासांपेक्षा कमी ग्राह्य धरायची नाही असा त्यांच्या खात्याचा शिरस्ता. त्यामुळे पाणी तसंच ठेवलं, आणि होडीच्या पुढच्या टोकावर कागद चिकटवला: 'तपासले. गळती नाही.' खाली सही. सहीखाली तारीख.

रविवारी सकाळी ते दार उघडून बाहेर आले आणि थबकले.

पाणी जड असतं. ही गोष्ट शाळेत शिकवतात, पण ती खरी वाटत नाही. होडी ज्या ट्रेलरवर होती त्याची दोन्ही चाकं मऊ मातीत निम्मी रुतली होती आणि पुढचा दांडा वळून फाटकाला असा टेकला होता की फाटक आत उघडणं शक्य नव्हतं. गालिच्याचा रंग सुटून होडीभर हिरवंगार पाणी झालं होतं. प्लायवूड फुगून मधोमध टेंगूळ आलं होतं आणि त्या टेंगळावर फिरती खुर्ची तिरकी होऊन आकाशाकडे बघत होती.

"पाणी काढा," बायको म्हणाली.

वरचं पाणी बादल्यांनी काढलं. पण तक्तपोशीच्या खालचं? झाकण फुगून बसलं होतं. पक्केरावांनी ओढलं, मास्तरांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. झाकणाची कडी तेवढी हातात आली.

"खालून भोक पाडा," बायको म्हणाली.

"भोक?" पक्केराव दुखावले. "मी बुजवलेल्या होडीला? आणि बाबा यायच्या दिवशी?"

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी थांबली.

सासरे उतरले. फाटक ढकललं, ते हललं नाही. त्यांनी डावा डोळा मिटला आणि फाटकावरून सगळं बघितलं: चाकं, टेंगूळ, हिरवं पाणी, मास्तर, बादली. मग कागद वाचला. सहीसुद्धा वाचली.

"पाणी का भरलंय?"

"गळत नाही हे बघायला, बाबा. एक थेंब नाही!"

"हं. मग सोडा आता."

"काय?"

"पाणी."

पक्केरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोने मास्तरांकडे. मास्तरांनी कुंपणाकडे.

सासऱ्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात घराच्या किल्लीशेजारी, लाल दोरी बांधलेलं एक पितळी बूच होतं, हाताळून हाताळून सोन्यासारखं झालेलं. त्यांनी ते सावकाश जुडग्यातून सोडवलं. वेळ लागला, तीस वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नसावं. आणि फाटकावरून हात पुढे केला.

"हे घ्या. फोनवर म्हणालो होतो ना, घेऊन येतो. होडी देऊन झाली, पण बुचाशिवाय होडी दिली असं होत नाही."

पक्केरावांनी ते ओंजळीत घेतलं. बूच करंगळीएवढं होतं. बरोब्बर करंगळीएवढं.

"बाबा," ते म्हणाले, "मागचं ते भोक..."

"हां. कुठंय ते?"

"बुजवलं."

बायकोने पदर तोंडाला लावून पाठ फिरवली. ती रडत होती की हसत होती ते पाठीवरून कळत नव्हतं. (खांदे हलत होते.)

"जावईबापू," सासरे म्हणाले, "होडीत पाणी येतंच. लाटेचं येतं, पावसाचं येतं, ओल्या पायांचं येतं. काठावर आणलं की बूच काढायचं, आलेलं पाणी जाऊ द्यायचं. उतरवताना बूच लावायचं. पाणी आत येणारच नाही अशी होडी नसते. पाणी जायला वाट असेल ती होडी."

नऊ वर्षांत ते इतकं कधी बोलले नव्हते. पक्केराव मान खाली घालून ऐकत राहिले. एवढं मोठं भाषण ऐकायला मिळालं याचा त्यांना आनंदही झाला असता, पण ते भाषण त्यांच्यावरच होतं.

"हातड्रिल आहे?"

होतं. सासरे मास्तरांच्या फाटकातून आत आले, कुंपणाच्या फटीतून अंगणात आले, दुखरे गुडघे मातीत टेकून बसले आणि खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. पहिला रिव्हेट निघायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याला पंचवीस. लगदा पोखरताना ड्रिलची दोन पाती मोडली.

"पक्कं केलंत," सासरे घाम पुसत म्हणाले.

हे कौतुक की तक्रार, पक्केरावांना कळेना. म्हणून ते जवळ जाऊन, त्यांच्या तोंडाकडे बघायला खाली वाकले, आणि त्याच क्षणी तिसरं पातं आरपार गेलं.

हिरव्या पाण्याची ती धार पक्केरावांच्या छातीवर बसली. ते मागे हटले, धारही वाढली. ते डावीकडे झाले, तिथे मास्तर होते.

पाणी संपायला तासभर लागला. मग सासरे कानशीने भोकाची कड साफ करत बसले, आणि बाकीच्यांनी फुगलेली तक्तपोशी उपटली, गालिचा काढला, खुर्ची काढली, नळ्या काढल्या. चाकं खणून काढली, दांडा सरळ केला. दहाच्या सुमारास होडी पुन्हा पहिल्यासारखी झाली: दोन आडव्या फळ्या आणि बाकी सगळी हवा.

"लावा," सासरे म्हणाले.

पक्केरावांनी बूच भोकात घातलं आणि फिरवलं. त्यांच्या हातांना सवय होती घट्ट करायची. पण या वेळी त्यांनी मध्येच थांबून सासऱ्यांकडे बघितलं.

"बास," सासरे म्हणाले. "एवढंच."

अकरा वाजता होडी तळ्यावर तरंगत होती. ऊन कोवळं राहिलं नव्हतं, मासे केव्हाच तळाला गेले होते, पण सासऱ्यांनी गळ टाकला. पक्केराव हिरवा शर्ट घालून समोर बसले होते. (सकाळी तो पांढरा होता.) बायकोने घरून थर्मास दिला होता. त्यांनी दोन कप भरले आणि एक सासऱ्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात गळ हलला.

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी काठी धरायला म्हणून कप ठेवायचं ठरवलं. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. फळीकडे बघितलं; मग आपल्या मांडीकडे बघितलं. मग डावा डोळा मिटून जावयाकडे.

"कप कुठे ठेवू?"

पाच दिवस! तक्तपोशी, गालिचा, फिरती खुर्ची, उगवता सूर्य... पक्केरावांनी हात पुढे केला.

सासऱ्यांनी मासा ओढला, सोडवला, वीतभराचा होता म्हणून परत पाण्यात सोडला, दुसरा गळ लावला. पक्केराव दोन हातांत दोन कप धरून बसले होते. उभे राहिले नाहीत. होडी डुलली, पण एक थेंब सांडला नाही.

अर्ध्या तासाने सासऱ्यांनी कप परत घेतला, एक घोट घेतला आणि नऊ वर्षांत प्रथमच दोन्ही डोळे उघडे ठेवून जावयाकडे नीट बघितलं.

"कप मात्र," ते म्हणाले, "छान धरता हं तुम्ही."