जाधव तात्यांचा पालथा हात

आमच्या रेवदंड्यातले शेजारी जाधव तात्या उन्हाळ्यात कुणाला नमस्कार करत नाहीत. पालथा हात थेट समोरच्याच्या मानेला लावतात आणि विचारतात, "चक्कर न्हाय ना?" उत्तर द्यायला जरा उशीर झाला, की माणूस सावलीत बसवला जातो आणि तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय सुटत नाही.

माझ्या लग्नातसुद्धा, बुद्धवंदना संपते न संपते तोच त्यांचा हात माझ्या मानेवर आला. "कोट काढ." मी नको म्हणेपर्यंत दोन बटणं सुटली होती. अल्बममधल्या निम्म्या फोटोंत माझ्या शेजारी ओला पंचा घेतलेले तात्या आहेत. सासरची माणसं अजून विचारतात, हे तुमचे नक्की कोण?

तात्या रस्त्याच्या कामावर मुकादम होते. निवृत्त झाले, एकटेच राहतात. मे महिन्यात लोकांना पाजायला पाण्याची कळशी घेऊन बंदरावर फिरतात. मासळी सुकवणाऱ्या बायका ओरडतात, "ओ तात्या, लांबून जावा, बोंबील भिजतील!"

गेल्या मे महिन्यात भर दुपारी बंदरावर काशिनाथ नावाचा मच्छीमार उलथ्या होडीला रंग देत होता. अचानक ब्रश फेकून तो होडीशीच भांडायला लागला. झोकांड्या खात चार पावलं गेला आणि वाळूत कोसळला.

"दुपारीच चढवलीय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

तात्या धावत आले. मानेला हात लावला. "भट्टी झालीय अंगाची! दारू न्हाय ही, ऊन हाय."

"पण तात्या, घाम आलाय की त्याला," मी म्हटलं.

"असू दे. बरळतोय न्हवं? डोक्यापर्यंत गेलंय ऊन. एकशे आठला फोन लाव!"

काशिनाथला आम्ही शेडच्या सावलीत नेलं. तात्यांनी त्याचा शर्ट फाडला, बादल्यांनी पाणी ओतायला लावलं. बायकांनी मासळीच्या पेट्यांतला बर्फ आणला. तो फडक्यात बांधून तात्यांनी त्याच्या मानेला, काखेत, जांघेत ठेवला. दोघी सुपांनी वारा घालत होत्या. कुणी पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी नेला, तर तात्यांनी हात धरला. "शुद्धीत न्हाय तो, ठसका लागून जीव जाईल." गाडी येईपर्यंत त्यांनी एकालाही थांबू दिलं नाही.

काशिनाथला गाडीतून अलिबागला नेलं. डॉक्टरांनी वाचेल म्हणून कळवलं, तेव्हा तात्या माझ्या पायरीवर येऊन बसले.

"माझा धाकटा भाऊ माझ्याच टोळीत होता. वसंता. डांबराच्या कामावर असाच बरळायला लागला. मी मुकादम. चारचौघांत म्हणालो, पिऊन आलास, पड तिकडं. काम सुटल्यावर उठवायला गेलो, तर उठलाच न्हाय."

मी आतून तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.

आठवड्याने काशिनाथ घरी आला. त्याच्या बायकोने तात्यांना जेवायला बोलावलं. ते जायला तयार नव्हते, म्हणून मी सोबत गेलो. मांदेलीच्या कालवणाचा पहिला घास घेतल्यावर तात्या थांबले आणि म्हणाले, "आमच्या वसंताला मांदेली लई आवडायची."

"अजून काय आवडायचं?" काशिनाथने विचारलं.

मग तात्या सांगत राहिले. वसंता खाडी कशी पोहून जायचा, मास्तरांची नक्कल कशी करायचा. नक्कल करून दाखवताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. काशिनाथच्या बायकोने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तात्या नको म्हणाले नाहीत.