पडद्याआडची नाडी

डोंगरकड्याच्या जत्रेत गोटा उचलावा तो तातेराव देशमुखानंच. म्हणजे मीच! आधी गुडघ्यावर, मग छातीवर, मग खांद्यावरून मागं धप्प! पंचक्रोशीत दुसरा माणूस दाखवा, मिशी उतरवतो!

पण त्या साली शेजारचा किसनराव जेवता जेवता गेला. माझ्याच वयाचा, चांगला धडधाकट. लोक म्हणाले, काळीज बंद पडलं. झालं! तेव्हापासून मी छातीवर हात ठेवून बसू लागलो. हात ठेवला की धडधड, धडधड कळली की घाम, घाम फुटला की आणखी धडधड! अन्न जाईना. सकाळी मळमळायचं, म्हणून चिंच चोखत बसायचो.

"हकिमाला दाखवा की," माझी बायको नर्मदा म्हणाली.

"येडी का काय तू? जत्रा तोंडावर आली! तातेरावाचं काळीज फडफडून राहिलं म्हणून गावभर व्हईल. पुन्हा गोट्याला हात लावू देतील का मला?"

"मग मरता का?"

मरायचंही नव्हतं. पण डोकं देशमुखाचं! आमच्या घरच्या बायका गोषात. हकीम आला तरी बाई पडद्याआड बसणार आणि नाडीपुरता हात बाहेर काढणार. मग काय! आजारी नर्मदा, हात माझा!

मनगट वस्तऱ्यानं साफ केलं. तिच्या बांगड्या हातात शिरेनात, तेव्हा लुगड्याचा पदर पार बोटांपर्यंत ओढून घेतला. उत्तरं द्यायला नर्मदा शेजारी बसली. पडद्यापलीकडं खाजा मिया हकीम. नजर अधू, पण जिल्ह्यात नाव मोठं. त्यांनी नाडी धरली.

"या अल्ला! घोड्यावानी पळून राहिली! बहेनजी, जेवण जातं?"

मी मान हलवली. "न्हाई जात," नर्मदा म्हणाली.

"सकाळी मळमळतं?"

"लई!"

"आंबट खावंसं वाटतं?"

"चिंचेची बरणी संपवली, हकीमसाब!"

हकिमांनी हात सोडला. "मुबारक! घरात पाळणा हलणार! बीमारी काही न्हाई. फक्त बाळंत होईस्तोवर वजन उचलायचं न्हाई!"

मी मरत नव्हतो! एवढंच ऐकलं आणि आनंदानं ओरडणार, तोच नर्मदेनं असा चिमटा काढला की आवाजच गेला. पण ताक मागायला आलेली चतुराबाई दारातच होती! दिवे लागायच्या आत गाव माझ्या ओसरीवर!

"तातेराव, या वयात! शाब्बास!"

आता खरं सांगू? मी मिशीला पीळ दिला. माणसं कौतुक करायला लागल्यावर नको कशाला म्हणायचं?

नर्मदा मात्र आत रडत होती. "दोन सुना पदर तोंडात कोंबून हसून राहिल्या! खरं सांगून टाका!"

"जत्रा होऊ दे."

"मग मीच सांगते!"

"तू गोषातली. तू कुठं सांगणार?" मी म्हणालो. इथंच चुकलो.

जत्रेचा दिवस. हलगी कडकडत होती, हकीमसाहेब मानाच्या बाजेवर बसले होते, अन् कडेला पडदा लावलेली आमची बैलगाडी. मी धोतर खोचलं, गोट्याला हात घातला. धडधड सुरू! तेवढ्यात गाडीतून आवाज आला,

"अवो, थांबा! हकिमांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय!"

हलगी थांबली. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, ते तुमाला सांगितलं!"

"मला कशाला? नाडी ह्यांची हुती!"

क्षणभर कोणालाच उमगेना. मग हकीमसाहेबांनी "तौबा! तौबा!" करत कपाळावर हात मारला, आणि जत्रा अशी हसली की बैल बुजले! माणसं जमिनीवर लोळली!

पळून जावंसं वाटलं. पण गोटा समोर होता, आणि मी तातेराव होतो! वाकलो. गुडघ्यावर घेतला. छातीवर घेतला, तेव्हा आत काळीज गोट्याला धडका देत होतं. दे लेका, म्हटलं! आणि खांद्यावरून मागं धप्प!

खाजा मियांनी येऊन उघड उघड, सगळ्यांदेखत माझी नाडी धरली. "दिल बराबर आहे, तातेराव. नुसतं भ्यायलंय."

तेव्हापासून छातीवर हात ठेवायला सवडच मिळालेली नाही. जो भेटतो तो आधी तब्येत विचारतो, मग चिंच पुढं करतो! पण माझा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, आणि मोडणारही नाही. कालच एक पोरगं पाहुण्यांना गोटा दाखवून सांगत होतं, "हा आमच्या तातेरावांनी दोन जिवांचे असताना उचलला!"