कॅलेंडरकडे बघणारे वैशंपायन साहेब

वैशंपायन साहेबांना एखाद्याला झापायचं असलं, की ते त्याच्या शेजारच्याकडे बघत.

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नवा आलेला ड्रायव्हर यात हमखास फसायचा. तळोज्याचा माल उशिरा पोचला म्हणून साहेब कडाडायचे, "लाज वाटते का? पार्टीचे फोन घेऊन घेऊन माझे कान किटले!" आणि नजर कुठे, तर बाकावर चहा पीत बसलेल्या भलत्याच ड्रायव्हरवर. तो बिचारा कप खाली ठेवून उभा राहायचा. "साब, मेरी गाडी तो कल से खडी है." "तुला कोण बोलतंय? बस खाली!" साहेब त्याच्याकडेच बघत ओरडायचे. तोवर खरा गुन्हेगार दारातून पसार झालेला असायचा.

गोडीत बोलायचं असलं, की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. मुलाखतीला मी समोर बसले होते आणि साहेब कॅलेंडरला विचारत होते, "टायपिंग येतं का?" मला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे. मी सुकापूरची. माझा बाप मिठागरात राबला, आई भात लावते, आणि आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट झाले ती मी. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. त्यामुळे माझ्याकडे न बघता बोलणारा माणूस मला चालत नाही. मी म्हटलं, "साहेब, मी इकडे आहे."

"म्हणूनच तिकडे बघतोय," साहेब म्हणाले. "सरळ बघितलं तर तुम्ही जाल."

मग त्यांनीच समजावून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग काम देईनासा झाला होता, कडा मात्र शाबूत होत्या. "घावन मधोमध करपतं आणि काठाला कोवळं राहतं ना, तसं," ते म्हणाले. जे बघायचं त्याच्यावर नजर लावली की तेच नेमकं पुसलं जायचं. म्हणून नजर बाजूला ठेवायची, आणि डोळ्याच्या कडेला जे काही येईल त्यावर भागवायचं.

माणसं ते चपलांवरून ओळखायचे. घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "मंग तू चपला बदलू नको हां गो. नायतर नोकरी जायाची."

ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेब आता घरी बसणार असं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी अमेरिकेतल्या भाच्याला कामाला लावलं. त्याने टपालाने फ्लॉप्या पाठवल्या आणि भिंगाचा प्रोग्रॅम आमच्या ऑफिसात अवतरला. पडद्यावर कुठेही जा, तेवढा तुकडा मोठा होऊन दिसायचा. साहेबांनी तो इतका मोठा केला, की एकेक अक्षर मुठीएवढं. पडद्यावर एका वेळी तीन-चार अक्षरं मावायची. स्वतःचं आडनाव इंग्रजीत वाचायचं तरी साहेबांना माऊस सरकवत सरकवत बरंच लांब जावं लागायचं. "कमाल आहे," ते म्हणायचे, "मी मलाच एका दमात मावत नाही."

पण ती अक्षरं आम्हा सगळ्यांना आमच्या आमच्या खुर्चीतून दिसायची. साहेब पत्र लिहायला लागले, की ऑफिसभर त्याचं वाचन सुरू. "साहेब, रिसीव्हमध्ये ई आधी," मी माझ्या टेबलावरून सांगायची. कॅशियर रऊफभाई तर म्हणायचे, "साहेब, हा पडदा नाही, सायनबोर्ड आहे. माशाल्ला, एसटी स्टँडवरचे लोक वाचून गाडी पकडतात."

म्हणून साहेबांनी फ्लॉप्यांमधला दुसरा प्रोग्रॅम चालू केला. तो बोलणारा होता. पडद्यावरचं सगळं तो नाकातून, अमेरिकन इंग्रजीत वाचून दाखवायचा. साहेब त्याला "पाहुणे" म्हणायचे. "पाहुणे, जरा दमानं." "पाहुणे, पुन्हा एकदा." आमच्या गावांची नावं घेताना पाहुण्यांची जीभ फार वळायची. शिरढोणचं शर्डॉन व्हायचं आणि सुकापूरचं स्यूकपर. मी त्या गावात जन्मले. पण पाहुण्यांनी नाव घेतलं, की आपण कुठल्या तरी बर्फाच्या देशातून आलोय असं वाटायचं. मी हसले तर साहेब चिडायचे. "परमुलखातला माणूस आहे. तुम्ही तिकडे गेलात तर तुम्हाला येतील का त्यांची नावं?"

खाजगी पत्रं साहेब पडदा अंधारा करून आणि कानाला हेडफोन लावून ऐकायचे. एकदा दुपारी त्यांनी हेडऑफिसला रिपोर्ट लिहिला. कानाला हेडफोन होता, पण त्याची पिन भोकात पुरती गेलेली नव्हती. स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "मिस्टर रऊफ इज ऑनेस्ट, बट ही स्लीप्स आफ्टर लंच." त्या आवाजानेच रऊफभाई जागे झाले. डोळे चोळत म्हणाले, "साहेब, ऑनेस्टपण लिहिलंत, शुक्रिया."

आठवड्यातून एक-दोनदा साहेब डबा घरी विसरायचे. मग नवीन पनवेलहून रिक्षा करून वैशंपायन काकू डबा घेऊन यायच्या. काकू उंच, तोंडाने फटकळ. दारातूनच सुरू व्हायच्या, "घरी मी घसा फोडून सांगते, 'डबा घ्या, डबा घ्या,' ते ऐकू येत नाही. आणि इथे त्या अमेरिकनाचा शब्द खाली पडू देत नाहीत!"

"तो एकच गोष्ट पुन्हा सांगायला कंटाळत नाही," साहेब म्हणायचे.

"मी कंटाळले म्हणून तर डबा घेऊन आले."

काकू गेल्या की रऊफभाई मला हळूच सांगायचे, "साहेब डबा विसरत नाहीत, म्हात्रेबाई. ठेवून येतात."

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. साऱ्या जगाशी कॅलेंडरकडे बघून बोलणारा हा माणूस काकू समोर बसल्या की सरळ त्यांच्याकडे बघायचा. काकूंची तशी ताकीदच होती. "माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचं नाही. मला परक्यासारखं वाटतं." म्हणजे आम्ही सगळे साहेबांना थोडेफार दिसायचो. दिसायच्या नाहीत त्या फक्त काकू.

त्या सुमारास बाजारातल्या फोटो स्टुडिओने स्कॅनर आणला. कागदावरचा फोटो फ्लॉपीत घालून मिळतो हे रऊफभाईंनी जेवताना सांगितलं, तेव्हा साहेबांचा घास हातातच राहिला. नंतर त्यांनी मला बोलावलं आणि कॅलेंडरकडे बघत इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्ही घरी जाऊन आमच्या हिचा एक फोटो मागाल का? मी मागितला तर ती हसण्यावारी नेईल. आत्ताचा पाहिजे. लग्नातला नको, तो मला पाठ आहे."

"कागदावरचा फोटो भिंगाने बघता येत नाही का, साहेब?"

"भिंगाखाली माझीच सावली पडते. सगळं करून झालंय." ते खुर्चीत मागे रेलले. "ती समोर बसते ना, तेव्हा चेहऱ्याच्या जागी ओला हात फिरवलेली पाटी असते. कधी चुकून नजर बाजूला गेली, तर कान दिसतो. कानातल्या रिंगा दिसतात. मोत्यांच्या कुड्या तिने लेकीच्या लग्नात लेकीला घातल्या, त्यानंतरच माझे डोळे गेले. केसांचा रंग कळतो. मधलं काही येत नाही."

मी हातातल्या फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"तुमचा चेहरा मी पाहिलेलाच नाही, म्हात्रेबाई. त्याचं मला काही वाटत नाही. आवाज आहे, तेवढा पुरे. पण तिचा पाहिलेला आहे ना. आता तो कुठे येऊन पोचलाय, ते बघायचंय."

रविवारी मी नवीन पनवेलला गेले. साहेब खाली भाजी आणायला गेले होते. दार उघडताच जायफळाचा वास आला. टेबलावर सहाण होती आणि काकूंच्या दोन्ही गालांवर उगाळलेल्या जायफळाचा लेप. "वांग आलंय," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ लावते. जातंय कुठे!"

मी निरोप सांगितला. काकू आधी मोठ्यांदा हसल्या. मग कपाटापाशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. त्यांनी आणून दिलेल्या फोटोत कर्नाळ्याच्या पायथ्याशी एक बाई उभी होती. जांभळी साडी, काळेभोर केस, स्वच्छ गाल, वाऱ्याने उडणारा पदर एका हाताने धरलेला. लेक तेव्हा शाळेत होती म्हणे.

"काकू, त्यांना आत्ताचा हवाय."

"हाच दे. आत्ताचा म्हणून."

"मला खोटं बोलता येत नाही."

"तुला बोलायचं कुठे आहे? फ्लॉपी द्यायची." नंतर आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, माझं काय झालंय हे न दिसलेला एवढा एकच माणूस उरलाय मला. त्यालाही दाखवू?"

मी फोटो घेतला, स्टुडिओत दिला आणि आणलेली फ्लॉपी काही न बोलता साहेबांच्या टेबलावर ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी ती लावली. रऊफभाई त्या दिवशी झोपले नाहीत. फोटो उघडला आणि पाहुणे बोलले, "ग्राफिक." साहेबांनी माऊस हलवला. "ग्राफिक," पाहुणे पुन्हा म्हणाले. जगातलं सगळं वाचून दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमला काकूंच्या बाबतीत एवढंच सांगता येत होतं. साहेबांनी स्पीकर बंद केला. "पाहुणे, तुम्ही जरा बाहेर बसा."

पडद्यावर आधी जांभळा पदर आला. मग धरलेली बोटं. मग हनुवटी. साहेब तोंड वळवून डोळ्याच्या कडेने बघत होते, नाक जवळजवळ पडद्याला टेकलेलं. चेहरा पूर्ण दिसावा म्हणून त्यांनी चित्र लहान केलं, तर तो धुरकट होऊन त्यांच्या हातून निसटला. मोठं केलं, तर गालाचे चौकोन चौकोन झाले. पुन्हा लहान. पुन्हा मोठं. एक डोळा यायचा, तो पुरता हाती लागेपर्यंत कुंकू सुटायचं. कुंकवाकडे गेलं की ओठ कुठे ते हरवायचं. आम्ही एरवी त्यांचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचणारी माणसं; त्या दिवशी आपापल्या टेबलात मान घालून बसलो.

मग पडद्यावर कान आला आणि साहेबांचा हात थांबला. कानात मोत्यांची कुडी होती.

एकेक मोती चांगला लिंबाएवढा दिसत होता. त्या कुड्या तर लेकीच्या लग्नापासून लेकीच्या कानात होत्या. साहेब त्या कुडीपाशी फार वेळ थांबले. त्यांनी मला काही विचारलं नाही. सुट्टी संपल्यावर फ्लॉपी काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाहुण्यांना आत बोलवा. शर्डॉनची गाडी लागायची आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब डबा विसरले.

काकू आल्या. नेहमीसारख्या दारातून सुरू झाल्या नाहीत. डबा टेबलावर ठेवून समोर बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "झालं का दर्शन?"

"झालं की." साहेब त्यांच्याकडे सरळ बघत होते, म्हणजे त्यांना त्या दिसत नव्हत्या. "केस बरेच पांढरे झालेत तुझे. चांगले दिसतात. काळ्यापेक्षा बरे."

काकूंचा हात केसांकडे गेला.

"आणि ते गालावरचं वांग," साहेब म्हणाले. "जायफळ उगाळून उगाळून सहाण झिजली, पण ते काही जायचं नाही. राहू दे. मला त्याची अडचण नाही."

फोटोतल्या बाईचे केस काळे होते आणि गालावर काहीच नव्हतं, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मी काही सांगितलेलं नव्हतं.

रऊफभाई उठून उगीचच जिन्यापाशी गेले. मीही टाइपरायटरवर कागद चढवायला घेतला, जरी टाइप करायला काहीच नव्हतं.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. साहेबांची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि त्यांचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "तिकडे कॅलेंडरकडे बघा."

साहेब कॅलेंडरकडे बघत राहिले. आणि काकूंनी कपाळावर आलेले केस मागे सारले, कुंकू बोटाने नीट केलं आणि पदर सावरून, फोटो काढायला बसावं तशा, हललं तर बिघडेल अशा बेताने, स्वस्थ बसून राहिल्या.