पाटकरकाकू वर बघत नसत

आमच्या बोळिंजच्या सोसायटीच्या सेक्रेटरी पाटकरकाकू टाइप करताना कॉम्प्युटरच्या पडद्याकडे अजिबात बघत नसत. सारी नोकरी सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून झालेली. नजर कागदावर, बोटं कळांवर. मध्येच वर बघणाऱ्याला त्या विचारत, "का, हातावर विश्वास नाही?" ओळ संपली की डावा हात आपोआप उठून हवेतली टाइपरायटरची कॅरेज ढकलायचा. त्या बाजूला चहाचा कप ठेवायची सोय नव्हती.

कॉम्प्युटर त्यांचा मुलगा निनाद अमेरिकेला जाताना बसवून गेला होता. त्या कॉम्प्युटरला एक खोड होती. काकू नोटीस टाइप करत असताना निनादने तिकडून चॅटवर काही लिहिलं, की चॅटची खिडकी टुणकन पुढे यायची आणि कीबोर्ड तिच्या ताब्यात जायचा. काकू आपल्या मान खाली घालून टाइप करतच असायच्या. मराठी फॉन्ट फक्त नोटिशीच्या खिडकीत चाले. चॅटमध्ये त्याच कळांनी इंग्रजी अक्षरांचा काला उमटे, आणि एंटर मारला की ती ओळ थेट अमेरिकेला. एकदा टँकर येणार अशी नोटीस लागली, पण किती वाजता, ते निनादकडे गेलं होतं. अर्धी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली ताटकळली. "कीबोर्ड पळवला मेल्यानं," एवढंच काकू म्हणाल्या.

एका संध्याकाळी निनादचा फोन माझ्याकडे आला. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. एरवी आईकडून एखादी ओळ चुकून येते, पण आज पानभर भलतंच येतंय, काही विचारलं तरी तेच. तेव्हा नेट फोनच्याच तारेवरून चाले, त्यामुळे घरचा फोनही लागत नव्हता. "दादा, तिला काहीतरी झालंय. तू लगेच वर जा."

मी धावलो. बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून काहीच नाही. शेवटी दार उघडलं.

"अरे विनय, थांब की. ओळ पुरी करत होते."

वार्षिक सभेची नोटीस चालली होती. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्या काल्यात मधूनमधून निनादचे प्रश्न होते: आई, बरी आहेस ना? आई, बोल ना. काकूंनी ते उभ्यानेच वाचले आणि मग खुर्चीत बसल्या.

नेट बंद केलं तसा लगेच फोन वाजला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काकू बराच वेळ बोलत होत्या. बहुतेक बोलणं वालाच्या बिरड्याबद्दल होतं.

फोन झाल्यावर मी म्हटलं, ही खिडकी आपोआप पुढे येणार नाही अशी सोय करता येते. नुसती खाली लुकलुकेल. मी माऊस हातात घेतला.

"म्हणजे ती समोर येणारच नाही?"

"नाही. तुमचं टायपिंग बिघडणार नाही."

काकूंनी पडद्यावरच्या निनादच्या ओळींकडे पाहिलं.

"नको रे," त्या म्हणाल्या. "आता कधीतरी मान वर केली, की तो समोर आलेला असतो."

मी माऊस खाली ठेवला. काकूंनी सभेची नोटीस पहिल्यापासून टाइप करायला घेतली.