संशय न घेतल्याचा दाखला

ऑर्हुस शहरात राहणारा लिवियू ब्रातोसिन हा मूळचा रुमानियाचा नट. डेन्मार्कमध्ये एकवीस वर्षं काढून त्याने अ‍ॅनिमेशनपटांत दिलेल्या आवाजांचा तपशील असा: खिसेकापू उंदीर, तस्कर बोका, मोटारी पळवणारं अस्वल आणि एका जाहिरातीत दातातली कीड. त्यामुळे दिग्दर्शक आस्गर व्हिल्स्टेडने त्याला नायकाची भूमिका देऊ केली, तेव्हा त्याच्या बायकोला, सांदाला, ते खरं वाटेना.

"नायक म्हणजे कोण?"

"कोल्हा. आधी सगळ्या गावाला गंडवतो, मग कोंबड्यांचा जीव वाचवतो. कोल्हा म्हणजे लबाड, हा समज खोटा पाडतो."

"शेवटी सुधारतो ना नक्की?"

"सुधारतो गं."

"मग घे," सांदा म्हणाली. "कीड सुधारली नव्हती."

चित्रपट सरकारी अनुदानावर उभा होता आणि अनुदान पूर्वग्रह निर्मूलन समितीच्या मंजुरीवर. समितीच्या अध्यक्षा विबेके थोरूप अत्यंत सहृदय बाई होत्या. बागेतली गोगलगायसुद्धा त्या माफी मागून उचलत. त्यांनी पटकथा वाचली आणि त्यांना वेदना झाल्या.

कोल्हा लबाड दाखवल्याने कोल्हासमाजाची मानहानी होते, अशी पहिली हरकत नोंदवण्यात आली. समितीवर कोल्ह्यांच्या वतीने शिकारी संघटनेचा प्रतिनिधी होता, कारण कोल्ह्यांशी सर्वांत निकटचा संबंध त्यांचाच येतो. सबब, कोल्हा पहिल्या दृश्यापासून प्रामाणिक करण्यात आला.

आता प्रामाणिक कोल्ह्यावर कोंबड्या उगाच संशय घेऊ लागल्या. यावर कुक्कुटपालक संघ संतापला. आमच्या कोंबड्या संकुचित मनाच्या नाहीत, असं त्यांनी लेखी कळवलं. मग कोंबड्यांनी कोल्ह्यावर पूर्ण विश्वास ठेवला. कोल्हा प्रामाणिक, कोंबड्या निःशंक, आणि नव्वद मिनिटं शिल्लक.

"अहो, पण मग घडतं काय?" आस्गरने काकुळतीला येऊन विचारलं.

"अंडी चोरीला जाऊ देत," विबेके थोरूप उदारपणे म्हणाल्या. "फक्त चोर असा हवा, की कुणाची हरकत येणार नाही."

लांडगा, कावळा, मुंगूस, घूस असे एकेक चोर सुचवण्यात आले आणि प्रत्येकाच्या बाजूने कुणी ना कुणी उठून उभं राहिलं. शेवटी चोर माणूस करायचं ठरलं. खुराड्याचा पहारेकरी. अमुक देशाचा नव्हे, फक्त बाहेरचा. हरकत विचारण्यात आली. कुणीच उठलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

ही बातमी द्यायला आस्गर लिवियूच्या घरी आला. खुर्चीत बसला, पण अंगातला कोट काही काढेना.

"कोल्ह्याचा आवाज कोपनहेगनचा एक नट देणार आहे. तुझ्याकडे पहारेकरी."

"का रे? कोल्हा तर आता सज्जन झालाय."

"म्हणूनच! सज्जन कोल्हा तुझ्यासारखा हेल काढून बोलला, तर लोक गोंधळतील ना."

लिवियूने पहारेकरी केला. घराचं भाडं समितीकडून मंजूर होऊन येत नाही. तिथेही अडचण आलीच. एकवीस वर्षांत त्याची डॅनिश इतकी साफ झाली होती, की चोर पटेना. मग परक्या माणसासारखं कसं बोलावं हे शिकवायला ओडेन्सेची एक डॅनिश मुलगी नेमण्यात आली. ती रुमानियाकडच्या काळ्या समुद्रावर एकदा आठवडाभर सुट्टीला गेली होती.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. चित्रपटाला सर्वसमावेशकतेचं मानपत्र मिळालं. विबेके थोरूप भाषण करून खाली आल्या आणि किंचाळल्या, "माझी पर्स!"

दीडशे माणसं होती. कुणी छताकडे बघितलं, कुणी बुटांकडे, कुणी हातातल्या पेल्याकडे. लिवियूकडे मात्र एकानेही बघितलं नाही. एका बाईने तर त्याच्याकडे न बघताच आपली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

लिवियूचे कान तापले. तो पुढे झाला आणि त्याने खिसे टेबलावर उलटे केले. कंगवा, बसचा पास, घशाच्या गोळ्या.

"अहो, हे काय!" विबेके थोरूप कळवळल्या. "तुमच्यावर कुणी म्हणजे कुणीच संशय घेतलेला नाही!"

तेवढ्यात पर्स त्यांच्याच पुष्पगुच्छाखाली सापडली. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या, लिवियूसाठी. चोरी न केल्याबद्दल.

त्या टाळ्यांत उभं असताना लिवियूला एकदम हसू फुटलं. त्याने ते गिळलं आणि ओडेन्सेच्या मुलीने शिकवलेला हेल काढून म्हणाला, "उपकार झाले. पण संशय घेतला नाही, याला पुरावा काय? उद्या कुणी विचारलं तर? लेखी काही नको?"

दीडशे माणसं कचेरीत आल्यासारखी सावरून उभी राहिली.

"लेखी म्हणजे?" विबेके थोरूप.

"दाखला. ज्याच्यावर संशय घेतला नाही, त्याच्याच सहीचा."

हे तर्कशास्त्र सर्वांना निर्दोष वाटलं. लिवियूने कागदी रुमालावर मजकूर लिहायला घेतला आणि दहा मिनिटांत रांग दारापर्यंत गेली. शुल्क पन्नास क्रोनर, तातडीचे शंभर. पिशवीवाल्या बाईने तातडीचा घेतला. शिकारी संघटनेच्या माणसाने घरी राहिलेल्या बायकोसाठी जादा एक मागितला.

"समितीला एकत्रित मिळेल का?" विबेके थोरूप यांनी विचारलं.

"नाही बाई. संशय ज्याचा त्याने घ्यायचा असतो."

रांगेत शेवटी आस्गर होता.

"तुला फुकट देतो," लिवियू हळूच म्हणाला. "पण एक सांग. पर्स गेली तेव्हा कुठे बघत होतास?"

"छताकडे."

"काय होतं रे छताला?"

आस्गरने शंभर क्रोनर ठेवले आणि रुमालाची घडी खिशात घातली.

लिवियूने त्यानंतर आवाज देणं सोडलं. आता त्याचं रीतसर दुकान आहे, गल्ल्यावर सांदा बसते, आणि मागणी परदेशांतूनही येते. पर्स नाहीशी झाल्याचं वाचताना ज्या वाचकांचं मन क्षणभरही लिवियूच्या खिशाकडे गेलं नाही, त्यांनाही दाखला मिळू शकतो. फक्त तसं शपथेवर लिहून खाली सही करायची. मराठी अर्जांची थप्पी मोठी आहे, आणि सही करताना अद्याप एकाचाही हात अडखळलेला नाही.