खांबेट्यांकडचे अस्सल अपघात

मनुष्य हा मुळात सहृदय प्राणी आहे. दुसऱ्याचं दुःख दिसलं की तो थांबतो, आणि नीट दिसत नसेल तर गर्दीतून वाट काढतो.

डॉ. जगन्नाथ खांबेटे यांना हे सत्य १९८६ साली शिकागोत उमगलं. तोवर ते रविवारी मराठी मंडळींना जेवायला बोलावून यलोस्टोनच्या सहलीच्या स्लाइड दाखवत. (डॉक्टर व्यवसायाने भूलतज्ज्ञ. पाहुणे बसल्या जागी झोपत, हा हातगुणच.) हळूहळू लोक येईनासे झाले. कोणाला सर्दी, कोणाचं टायर पंक्चर. मुलं कॉलेजला गेलेली, त्यामुळे रविवारी घर डॉक्टरांना खायला उठे. "माणसं हवीत गं," ते बायकोला, उत्तराबाईंना, म्हणत.

त्या जानेवारीत अमेरिकेचं शटल, म्हणजे माणसं नेणारं अंतराळयान, आकाशात फुटलं. सात जण गेले. डॉक्टर मनापासून रडले. पुढे एका वर्तमानपत्राच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांना त्या स्फोटाचा अस्सल फोटो मिळाला. अस्सल म्हणजे काय, हे सांगणं भाग आहे. फोटोच्या पुढे असतो तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला धूर. अस्सलपणा पाठीमागे असतो: शिक्का, तारीख, संपादकाच्या पेन्सिलीची खूण. म्हणून जाणकार फोटो उलटाच धरून बघतो. मेलेली माणसं पुढच्या बाजूला राहतात, त्यामुळे त्यांचा त्रास होत नाही.

तो फोटो बघायला रविवारी घर भरलं. डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेलं श्रीखंड पुरेना. डॉक्टरांनी संग्रह वाढवला: जळालेलं यान, न उघडलेलं पॅराशूट, रशियन-अमेरिकन असा भेदभाव त्यांनी कधी केला नाही. "काय क्लॅरिटी आहे यार," इंजिनिअर विवेक म्हणे. मराठी मंडळाच्या सेक्रेटरी प्रतिमावहिनी डोळे पुसत पुढचा फोटो मागत. यलोस्टोनला घोरणारे आता जांभईसुद्धा देत नव्हते. (एक अपवाद, पण ते नाइट ड्यूटीहून आले होते.)

पण अपघात संपत आले. मानवजात या बाबतीत कमी पडली. टायर पुन्हा पंक्चर होऊ लागले.

अशात अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात शटल पुन्हा उडणार असं जाहीर झालं. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. गुरुवारची सकाळ असूनही अठरा जण ऑफिसात आजारी असल्याचं कळवून ठणठणीत हजर झाले. हेतू एकच, यान सुखरूप जावं. उत्तराबाईंनी देवापाशी दिवा लावला. डॉक्टरांनी कॅमेरा लावला, तो मात्र टीव्हीकडे पाठ करून, सोफ्याच्या दिशेने. बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फोटो संग्राहकांत फार दुर्मिळ मानतात.

शटल उडालं. सगळे पुढे सरकून बसले. मागच्या वेळी घात झाला तो क्षण आला आणि गेला. यान लहान लहान होत दिसेनासं झालं. सगळं सुखरूप.

डॉक्टरांनी बटण दाबलं.

"बरं झालं बाई," म्हणत प्रतिमावहिनी पर्स शोधू लागल्या.

"हो, ग्रेट," विवेक म्हणाला. "निघतो, पार्किंगचा प्रॉब्लेम आहे."

बटाटेवडे तसेच राहिले. त्या रविवारी कोणी आलं नाही, त्यानंतरच्याही नाही. डॉक्टर आणि उत्तराबाई दोघंच टेबलाशी बसून जेवले.

फोटो मात्र उत्तम आला. ते अठरा उतरलेले चेहरे पाहून कोणीही शपथेवर सांगेल, की त्या दिवशी भयंकर काहीतरी घडलं होतं.

यान सुखरूप गेलं हे वाचताना तुमचा चेहरा कसा झाला होता, ते कळायला मार्ग नाही. तुमच्यासमोर कॅमेरा नव्हता, एवढंच.