माणिकअण्णांची उमेदवारी

शेजारचे माणिकअण्णा आमच्या घरातून निघताना कधी पाठ दाखवत नसत. उठायचे, लवून सलाम करायचे आणि तोंड आमच्याकडे ठेवून मागे मागे सरकत दाराबाहेर पडायचे. दरबारात अशीच रीत असते म्हणे. दोनदा ते उंबऱ्याला अडखळून पडले, एकदा थेट म्हशीच्या दावणीत. तिथूनही त्यांनी सलाम केला.

आमच्या मुडबी गावात थोडीशी जमीन कसणाऱ्या या एकट्या माणसाला वकील व्हायचं होतं. कोर्टातला नव्हे, एका राजाचं म्हणणं दुसऱ्या राजाच्या कानी घालणारा. हैदराबादच्या ज्या दफ्तरात परमुलखाची पत्रं यायची-जायची, तिथे बिनपगारी उमेदवारी मिळावी म्हणून ते दर वर्षी अर्ज करत. उर्दू पक्की होती, फारसी मौलवींकडून शिकले होते. उद्या शिक्षणाचा सरकारी वजीफा मिळून विलायतेला जावं लागलं तर, म्हणून इंग्रजीही शिकले. त्या पुस्तकाची पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळे त्यांना इंग्रजीत निरोप घेता येई, नमस्कार येत नसे. अर्जात अनुभव म्हणून लिहीत, 'बांधाचे अकरा तंटे मिटवले. रुसलेल्या सात सुना परत आणल्या.'

तहसिलीतला पेशकार ते वाचून हसला. "वसीला किसका है तेरेकू?"

"वशिला असलेल्याला बोलावं लागत न्हाई, साहेब. मग त्याला बोलणी कशी येतील?"

पेशकाराने अर्ज भिरकावला. अण्णांनी उचलून पुन्हा पुढे ठेवला, आणि शिक्का बसेपर्यंत ते तो उचलून ठेवतच राहिले. गावाने चेष्टा केली की म्हणत, "बोलणी मोडली न्हाईत, थांबल्यात."

आणि एके वर्षी खरंच पत्र आलं. अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. गावाची तोंडं बंद झाली.

त्याच दिवसांत मी माहेरी येऊन पडले होते. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, आणि हुमनाबादला सासू दुसरी सून शोधत होती. वडील लग्नाआधीच प्लेगात गेलेले. भाऊ म्हणाला, जा, सासूचे पाय धर. मी म्हटलं, धरत नाही.

अण्णांनी ते ऐकलं. "अटी सांग, गोदू."

"सवत नको. अन् मला न्यायला त्यांनी यावं."

"एक तरी अट सोडून द्यायला ठेवावी लागती."

"मी एकबी सोडत न्हाई."

अण्णा खूश झाले. "मग दर मंगळवारी बासुंदी, असं लिहितो. ती सोडू."

हैदराबादची मोटार हुमनाबादेवरूनच जायची. वाटेत घटकाभर थांबून माझ्या सासरची बोलणी उरकतो म्हणाले आणि शेरवानी घालून, ट्रंक घेऊन निघाले.

चौथ्या दिवशी माझा नवरा बैलगाडी घेऊन दारात आला. शेजारी अण्णा, शेरवानी चुरगळलेली, मांडीवर ट्रंक.

"हजर व्हायची तारीख?" मी विचारलं.

"कालच गेली."

"कामून थांबलात, अण्णा?"

"बासुंदी पहिल्याच दिवशी सोडली. सवतीवर तुझी सासू हटंना. अर्ध्या बोलणीतून उठणारा वकील हैदराबादेत काय दिवे लावंल?"

गाव पुन्हा हसायला मोकळं झालं. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि माझाही. निघताना मी घरच्यांच्या पाया पडले. अण्णांना शेजारी म्हणून लांबूनच नमस्कार केला.

गाडी वेशीबाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "तीन दिवस आमच्या ओसरीवर बसले, पण पाण्याचा थेंब घेतला न्हाई. तहान लागली की चावडीच्या आडावर जायचे. शेवटी आई चिडली. आमच्या घरचं पाणी बाटलंय काय, म्हणली."

"मग?"

"म्हणले, 'लेकीला मूल होईस्तोर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. किती बी वर्षं लागू द्यात, मी थांबतो.' आई उठून आत गेली. जरा वेळानं म्हणली, गाडी जुंप."

आमच्या भागात ही रीत प्रत्येक बाप पाळतो. माझ्यासाठी ती पाळणारं चार वर्षांत कुणी नव्हतं. मला रडू आवरेना.

"गाडी माघारी वळवा," मी नवऱ्याला म्हटलं. "मी वडलांना सांगून आले न्हाई."